भिंतीवरची काच

काचेची जाडी समोरून कळत नाही, कडेवरून कळते. पातळ काचेची कड पांढुरकी दिसते, जाड काचेची हिरवट. आमच्या दाराच्या डाव्या हाताला उंबऱ्यापासून तिरपी वर चढत गेलेली एक भेग होती आणि त्या भेगेवर काचेची एक पट्टी आडवी बसवलेली होती. बोटभर लांब, दोन्ही टोकं प्लास्टरच्या गोळ्यांत रुतवलेली. नगररचना कार्यालयातल्या माणसानं ती लावली तेव्हा तिची कड पांढुरकी होती. त्या सकाळी कामावर निघताना दार ओढून घेतलं, तेव्हा मला ती हिरवट दिसली.

मी वाकून पाहिलं. प्लास्टरवर कोरलेली तारीख तीच होती. काच मात्र दुसरी होती.

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत माझा सगळा दिवस काचांमध्ये जातो. पाण्याचा थेंब तपासायची काच आणि तसबिरीची काच मी डोळे मिटून, नुसत्या बोटांनी वेगळ्या करीन. त्यामुळे शंकेला जागा नव्हती. असती तर बरं झालं असतं.

भिंतीवर काच कशाला लावतात, हे आमच्या वस्तीत एव्हाना पोराटोरांनाही ठाऊक झालं होतं. काच ताणली जात नाही. भेग जुनी, निवलेली असेल तर काच जशीच्या तशी राहते. भिंत केसभर सरकली तरी ती तडकते. आणि ज्या ओळीची काच तडकेल ती ओळ पाडायची, असं ठरलं होतं.

आमच्या वस्तीत ओळी दोनच. शहर पहिल्यांदा आपल्या हद्दीबाहेर सांडलं तेव्हा इथं वीटभट्ट्या होत्या. माती काढून काढून मोठा खड्डा झाला, तो भट्ट्यांच्या राखेनं बुजवला आणि त्याच विटांनी त्याच जागी कामगारांची घरं उठली. एक ओळ रस्त्याकडं तोंड करून, दुसरी मागच्या बोळाकडं. दोघी पाठीला पाठ लावून उभ्या, मधली भिंत दोघींत एकच. त्यामुळे दार, खिडकी, जे काही असेल ते पुढं. मागच्या खोलीत भरदुपारीही दिवा लागायचा, आणि भिंतीला पाठ टेकली की सदरा ओला व्हायचा.

आता उपनगराचा नवा नकाशा तयार झाला होता. एक ओळ पाडायची, म्हणजे उरलेल्या ओळीला मागं अंगण मिळेल, न्हाणीघर मिळेल, मागच्या भिंतीत खिडक्या काढता येतील. पाडलेल्या ओळीतल्या लोकांना पार टोकाला, रस्ता जिथं संपतो तिथल्या चार मजली इमारतींत खोल्या. कोणती ओळ, ते तुम्हीच आपसांत ठरवून सांगा, असं कार्यालयानं आधी कळवलं होतं. त्याला कितीतरी वर्षं लोटली. 'आधी तुम्ही', 'छे छे, आधी तुम्ही' ही सभ्यता आमच्या वस्तीत एवढ्या एकाच बाबतीत पाळली गेली.

वस्तीतर्फे बोलायचं ते माझ्या सासऱ्यांनी. ते गवंडी, दोन्ही ओळींवर त्यांचे हात लागलेले, आणि त्या वेळच्या गवंड्यांपैकी तेच आता मागे उरलेले. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, मी बाबा म्हणायची. कार्यालयातून माणूस आला की बाबा त्याला बसायला पाट देत, प्रश्न नीट ऐकून घेत आणि म्हणत, "बघू." शेवटी कार्यालयच कंटाळलं आणि प्रत्येक ओळीतल्या सगळ्यात मोठ्या भेगेवर एकेक काच लावून गेलं. रस्त्याकडच्या ओळीत ती आमच्या घराला लागली. बोळाकडच्या ओळीत, नेमकी आमच्या पाठीमागच्या टेलरकाकांच्या घराला.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी मागच्या खोलीत गेले. सासूबाईंची तसबीर रोजच्या खिळ्याला होती. फक्त त्यांचा चेहरा रोजच्यापेक्षा स्पष्ट दिसत होता, कारण मधे काच नव्हती.

"बाबा, आईंच्या फोटोची काच?"

"फुटली," बाबा म्हणाले. ते चिमीच्या चेंडूची फाटकी पिशवी दोऱ्यानं शिवत होते. चिमी माझी मुलगी, पाच वर्षांची.

"कशानं?"

"काचच ती. फुटायला काय निमित्त लागतं?"

मी पुढं विचारलं नाही. माझ्या नवऱ्यानं वर्तमानपत्र बाजूला ठेवून बूट घालायला घेतले. घरात वाद होईलसं वाटलं की त्याला छापखान्यातलं काहीतरी काम आठवतं. त्या दिवशी वाद झालाच नाही, तरी तो गेला.

मागच्या भिंतीत, तसबिरीच्या खाली, एक चौकोन आहे. नीट निरखलं तरच दिसतो. घरं उठत होती तेव्हा बाबांचं नुकतंच लग्न झालं होतं. त्यांनी मुकादमाच्या नकळत तिथं खिडकीएवढी जागा सोडली, वर तुळई टाकली आणि मधल्या विटा नुसत्या रचून बुजवल्या, बाकीच्या भिंतीशी सांधल्याच नाहीत. कधीतरी पाठीमागची ओळ हटेल, मग चार घाव घातले की खिडकी तयार. सासूबाईंचा पलंग त्या चौकोनाखालीच असायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या अंथरुणालाच खिळलेल्या होत्या, छातीच्या दुखण्यानं. खोकल्याची उबळ ओसरली की विचारायच्या, "मग, कधी उघडताय माझी खिडकी?" बाबा म्हणायचे, "बघू."

उबळ लांबली की भिंतीपलीकडून ठक ठक ऐकू यायचं. टेलरकाका लोखंडी कात्रीच्या मुठीनं भिंत ठोकायचे. "वहिनी, आहात ना?" आणि सासूबाई खालून चमच्यानं ठोकून उत्तर द्यायच्या. एका सकाळी बराच वेळ नुसतं पलीकडूनच ठक ठक येत राहिलं.

आता त्या पलंगावर चिमी झोपते. आणि हिवाळ्यापासून तिच्या छातीतही तसलाच आवाज येऊ लागला होता. म्हणून काचेचं मला कळलं तरी मी कोणाला काही बोलले नाही. खिडकी मलाही हवी होती.

एक गोष्ट मात्र खटकली. दर्शनी भिंतीला लागून चिमीची बसायची घडवंची होती. दिवसा ती तिच्यावर बसून खेळायची, कधी तिथंच झोपायची. ती भिंतीपासून हातभर आत ओढलेली दिसली. मी झाडताना परत जागेवर सरकवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आत होती. तिसऱ्यांदा मी सरकवली नाही. भिंत हलते आहे हे बाबांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. माझ्याहून जास्तच.

काचा तपासायला माणूस आला. वस्तीत त्याला सगळे काचवाले साहेब म्हणत. तरुण होता, चष्मेवाला, बोलायला गोड. आमच्या घरापुढं तो थांबला, काच समोरून पाहिली, तारीख वाचली. "मजबूत बांधलंय हं, मिस्त्री," म्हणाला आणि वळसा घालून बोळात गेला. आम्ही सगळे मागोमाग गेलो.

टेलरकाकांच्या भिंतीवरची काच मधोमध फुटलेली होती.

"साहेब, ही भिंतीनं नाही फोडली, मी फोडली," टेलरकाका म्हणाले. त्यांचा एक पाय लहानपणापासून लुळा. चौकटीला धरून उभे होते. "आतली भिंत ओली. गिऱ्हाइकाचा कोट आत टांगला की सकाळी बुरशी. म्हणून बाहेर पत्र्याखाली खिळा ठोकायला गेलो, तर काच गेली."

"काका, या महिन्यात मी जिथं जिथं फुटकी काच पाहिली, तिथं तिथं कोणीतरी खिळा ठोकलाय. एका घरी तर मांजरानं उडी मारली होती."

"मांजर खोटं बोललं असेल. मी नाही बोलत."

लोक हसले. साहेबही हसले.

"हसताय काय! विचारा मिस्त्रीला. हातोडीसुद्धा त्याचीच होती."

साहेबांनी बाबांकडं पाहिलं. मीही पाहिलं. बोळातली सगळी माणसं पाहत होती. टेलरकाका निर्धास्त होते; पाठीला पाठ लावून एवढी वर्षं काढलेल्या माणसानं निर्धास्त असावं तसे.

"हातोडी मी दिली होती," बाबा म्हणाले. "पुढचं मला माहीत नाही."

टेलरकाकांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. रॉकेल संपलेल्या दिव्यासारखं ते हळूहळू खाली बसलं.

साहेब म्हणाले, रविवारी सकाळी नळावर सगळ्यांनी जमावं. कोणाची हरकत असेल तर तिथं ऐकून घेऊ, मग काम सुरू.

टेलरकाका दोन दिवसांनी आमच्याकडं आले. येताना गळ्यात मापाची फीत होती.

"ऊठ, मिस्त्री. हात पसर."

"काय झालं?"

"तुझा कोट. दहा वर्षं म्हणतोयस, शिव शिव. जाण्याआधी शिवून टाकतो. तिकडं चौथ्या मजल्यावर मला खोली दिलीय. चवथ्या! हा पाय घेऊन मी एकदा वर चढलो की पुन्हा चार माणसांच्या खांद्यावरूनच खाली येईन. तू काय मापाला येणारायस होय तिथं?"

"काहीतरी बोलू नकोस."

"मी कुठं काही बोलतोय? हातोडी मी दिली होती, पुढचं माहीत नाही! वकील व्हायचं सोडून गवंडी कशाला झालास रे?"

बाबा हात पसरून उभे राहिले. उघड्या दारातून, त्यांच्या खांद्यामागं, ती भेग आणि ती काच दिसत होती. टेलरकाकांनी पाठीवरून फीत धरली, छातीवरून गुंडाळली, आकडे स्वतःशी पुटपुटले. मग एकदम थांबले.

"उजवा खांदा उतरलाय तुझा. कधीपासून?"

"असेल."

"भिंती सरळ बांधल्यास आणि स्वतः वाकडा झालास. असू दे, अस्तर जाड घालतो. कळणार नाही कोणाला."

"नको," बाबा म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की मला चुलीपाशी जेमतेम ऐकू आला. "जाड नको घालूस."

"का? उकडेल?" टेलरकाकांनी चिमीकडं पाहून डोळा मिचकावला. "छकुले, तुझ्या आजोबाला आता मागून मस्त वारा येणार. कोट लागायचाच नाही त्याला." मग ते भिंतीकडं, त्या बुजवलेल्या चौकोनाकडं वळले. खिडकीची गोष्ट त्यांनाही पहिल्यापासून ठाऊक होती. "बरं झालं म्हणा. वहिनींची खिडकी तरी होईल. माझी मशीन जिथं आहे ना, बरोबर तिथून उजेड येईल बघ."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बाबांना उत्तर देता आलं असतं.

शनिवारी दिवेलागणीला बाबा मागच्या खोलीत चौकोनावरून हात फिरवत बसले होते. पलीकडं मशीन चालू होतं. एका पायाचं मशीन ओळखू येतं. एक लांब घर्र, मग थोडं थांबून दुसरं. माझाच कोट शिवतोय, असं बाबांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी चिमीला औषध पाजलं, तिला पुढं तिच्या बापाकडं पाठवलं आणि त्यांच्याजवळ खाली बसले.

"बाबा, फोटोची काच जाड आहे. जाड काच जरा उशिरा तडकते, एवढंच. तडकायची राहत नाही."

त्यांचा हात चौकोनावर थांबला. मग म्हणाले, "कधी कळलं तुला?"

"लावलीत त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"आणि गप्प राहिलीस."

"हो."

"पोरीसाठी."

"हो."

त्यांनी मान हलवली. "खड्ड्याची कड आपल्या उंबऱ्याखालून जाते. पाठीमागं घट्ट जमीन आहे, याचं घर अजून शंभर वर्षं उभं राहील. पाया खणताना मी पाहिलं होतं. राख लागली तेव्हा मुकादमाला म्हटलं, अजून खाली जाऊ या. तो म्हणाला, बघू." बाबा थोडं हसल्यासारखे झाले. "हिला मी दुसरं काहीच दिलं नाही गं. मेल्यावर तरी एक खिडकी द्यावी म्हटलं."

"उद्या तुम्ही बोलताय, की मी बोलू?"

"तू कशाला बोलतेस? तू सून आहेस. भिंत माझी आहे."

यातून हो की नाही, ते मला कळलं नाही. पलीकडचं मशीन थांबलं. कात्रीची मूठ भिंतीवर दोनदा वाजली, नेहमीसारखी, झोपतो आता म्हणून सांगायला. बाबांचा हात भिंतीवरच होता. त्यांनी उलट वाजवलं नाही.

रविवारी उजाडताना मी पाणी भरायला उठले. दार नेहमीपेक्षा जड उघडलं, चौकटीत घासलं. बाहेर भेगेवरची हिरवट काच तिरपी तडकलेली होती. उंबऱ्यावर विटेचा लाल भुगा पडला होता, अगदी थोडा, चिमटीत मावेल एवढा.

उंबऱ्याशेजारी बाबांचं साहित्य मांडलेलं होतं. फोटोच्या काचेतून कापलेली आणखी एक पट्टी, तारीख कोरायचा खिळा, वाटीत कालवलेलं प्लास्टर. मी वाटीला हात लावला. ती कोमट होती. प्लास्टर घट्ट होताना उष्णता सोडतं. कालवल्यावर हाताशी फार वेळ राहत नाही, लावायचं तर लगेच लावावं लागतं. या वाटीतलं प्लास्टर वाटीतच दगड झालं होतं. बाबा समोर कट्ट्यावर बसून त्याच्याकडं पाहत होते.

"धुऊन ठेवतेस का वाटी?" ते म्हणाले.

"आता धुऊन निघणार नाही ते, बाबा."

"हो. खरंच."

नळावर माणसं जमली. बायका उपड्या बादल्यांवर बसल्या होत्या, पुरुष भिंतीला टेकून. रस्त्याकडची ओळ एका बाजूला, बोळाकडची दुसऱ्या. असं बसा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. टेलरकाका खुर्चीवर होते, मांडीवर अर्धा शिवलेला कोट. हात रिकामे राहिले की त्यांना बोलता येत नसे.

काचवाले साहेब म्हणाले, "तर मग बोळाकडची ओळ. कोणाची काही हरकत?"

नळ गळत होता, त्याचा आवाज येत राहिला. आमच्या ओळीतली माणसं आपापल्या पायांच्या बोटांकडं पाहत होती. समोरच्या ओळीतली एक म्हातारी रडत होती, पण आवाज न करता. मी बाबांकडं पाहिलं. मी मनात अंक मोजायला सुरुवात केली होती. एका अंकापाशी मी उभी राहणार होते.

त्याआधी बाबा उठले. खिशातून रुमाल काढला, नळाच्या ओट्यावर उलगडला. आत दोन तुकडे होते, पातळ काचेचे.

"ही तुमची काच, साहेब. तुम्ही लावलेली. लावल्यावर आठवड्यात फुटली. आता भिंतीवर आहे ती माझ्या बायकोच्या तसबिरीची. आज ती पण गेली."

साहेबांनी एक तुकडा उचलला आणि या वेळी तो आडवा धरून त्याची कड पाहिली.

"मिस्त्री, डोकं फिरलं का तुमचं?" आमच्या शेजारची परटीण बादलीवरून उठली. "स्वतःचं घर घालवताय ते घालवा, आमची का म्हणून? आमच्या भिंतीला कुठं काय झालंय?"

"होईल, बाई. तुझ्या उंबऱ्याखालीसुद्धा राखच आहे. मीच तिच्यावर पाया भरलाय." बाबांनी तिच्याकडं पाहायचं टाळलं नाही. "पोरांना पुढच्या भिंतीपाशी निजवू नकोस."

ती खाली बसली. मग पदरात तोंड घालून बाबांना शिव्या देऊ लागली, एकेक, थांबून थांबून. तिला कोणी थांबवलं नाही.

"म्हणजे माझा खिळा खरा होता," टेलरकाका म्हणाले.

"खरा होता."

"तुला माहीत होतं."

"ठोकताना ऐकलं होतं मी. काच फुटल्यावर तू दिलेली शिवीसुद्धा ऐकली होती."

"मग त्या दिवशी तोंड शिवलं होतं काय तुझं? आणि तेही मला सोडून दुसऱ्या कोणाकडून?" कोणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. टेलरकाका हसत नव्हते. मांडीवरचा कोट त्यांच्या मुठीत चुरगळला होता. "अरे, भिंतीपलीकडंच होतो ना मी. ठोकायचंस तरी."

मग टेलरकाकांनी कोटाची घडी सारखी केली, बाहीतली सुई काढून आपल्या सदऱ्याला टोचली आणि दुसरीकडं पाहू लागले. चिमी माझ्या कडेवर खोकली. आमच्या घराच्या छपराकडं मी पाहिलं. इथून ते अगदी सरळ दिसत होतं.

साहेबांनी तुकडे रुमालात परत ठेवले. "मिस्त्री, काचेचं मी बघतो. पण वस्तीतर्फे बोलायचं ते तुम्ही, हे पहिल्यापासून ठरलंय. इतकी वर्षं आम्ही विचारतोय. एकदा सगळ्यांसमोर सांगा. कोणती ओळ?"

बाबांनी ओठ ओले केले. कितीतरी वर्षं या प्रश्नाला ज्या शब्दानं उत्तर येत होतं, त्याची सगळे वाट पाहत होते. परटिणीच्या शिव्याही थांबल्या.

"रस्त्याकडची पाडा," बाबा म्हणाले. "आमची."